नोकरी करता करता केलेल्या एमबीएला कंपन्या खरंच विचारतात का?

क्वालिटीवाला_चाकण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. मी मेकॅनिकल, आधी डिप्लोमा मग बीई, चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, वय ३४. आमच्याकडे डेप्युटी मॅनेजरच्या पुढे सरकायचं तर "एमबीए असेल तर बरं" असं साहेब दर अप्रेझलला म्हणतात, म्हणजे पाहिजेच असंही म्हणत नाहीत आणि नको असंही नाही. मुलगी पहिलीत, होम लोन चालू, त्यामुळे नोकरी सोडून दोन वर्षं फुल टाइम हा विषयच नाही. मग उरतं काय, तर मुक्त विद्यापीठ नाहीतर इग्नू, किंवा खाजगी विद्यापीठांचं ऑनलाइन एमबीए, किंवा ते आयआयएमच्या नावाचे वीकेंडचे कोर्स ज्यांची फी ऐकून बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

तर प्रश्न असा की नोकरी देणारे, प्रमोशन देणारे अशा डिग्रीकडे कसं बघतात? ज्ञान कधी वाया जात नाही वगैरे नका सांगू प्लीज. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांच्या डोक्यात काय चालतं ते सांगा.

हिंजवडी_फेज_तीन
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूस_एचआर
मी टेबलाच्या पलीकडचीच. आधी मॅन्युफॅक्चरिंग, आता आयटी, दोन्हीकडे भरती केलीये, त्यामुळे सरळ सांगते, राग मानू नका.

नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइल भरताना शिक्षणाखाली कोर्स टाइप विचारतात बघा, फुल टाइम, पार्ट टाइम, करस्पॉन्डन्स. आमच्या बाजूने डेटाबेसमध्ये सर्च मारताना तोच फिल्टर असतो. वरून निरोप आला की "फुल टाइम एमबीए ओन्ली", की टिक मारायची, विषय संपला. लोकांना वाटतं आपला सीव्ही वाचला आणि नाकारला. अहो तो उघडलेलाच नसतो.

पण हा निरोप बहुतेक वेळा दोन-चार वर्षांच्या अनुभवाच्या जागांसाठी येतो, मॅनेजमेंट ट्रेनी, ब्रँड, कन्सल्टिंग वगैरे. दहा-बारा वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या माणसाला मी डिग्रीबद्दल फार तर दोन मिनिटं विचारते. एक, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का. दोन, शिकताना नोकरी चालू होती ना, मग त्यातलं काय वापरलंत. दुसऱ्या प्रश्नाला निम्म्याच्या वर लोक "लीडरशिप स्किल्स डेव्हलप झाली" असं म्हणतात आणि मी पुढच्या विषयावर जाते.

वऱ्हाडी_ठेचा
ताई दोन मिनिटं तरी विचारता, आमच्याकडं तेवढंही नाही ना बाप्पा. लग्नाच्या बायोडेटात 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' असते ना, तसं आहे हे एमबीए. नसलं तर फोन येत नाही, असलं म्हणून कोणी पोरगी देत नाही.

हिंजवडी_फेज_तीन
@वऱ्हाडी_ठेचा 😂😂 हे फ्रेम करून लावतो.

पण आमच्या आयटीत हे जुनं आहे हो. २००१ ला सिम्बायोसिसचं डिस्टन्स लर्निंग सेंटर निघालं आणि पुढची दहा वर्षं पुण्यातल्या प्रत्येक टीममध्ये पीजीडीबीएवाले निदान दोघं तरी असायचेच, डेस्कखाली ती जाडजूड पुस्तकं. ती डिग्री नव्हे, डिप्लोमा होता, पण तेव्हा टीम लीडचा प्रोजेक्ट मॅनेजर करताना कोणी तेवढं खणून बघत नव्हतं. आता बघतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्या एजन्सी आल्यापासून डिग्री, डिप्लोमा, कोणत्या मोडने केलं, सगळं उकरतात.

निवृत्त_बँकर
क्वालिटीवाले, तुम्ही डोक्यात काय चालतं ते विचारलंत, पण सरकारी बँकांत माणसाच्या डोक्यापेक्षा नियमालाच किंमत असते, म्हणून लिहितो. आमच्याकडे डोक्यात काय चाललंय हा प्रश्नच नव्हता, प्रमोशनच्या परिपत्रकात काय छापलंय एवढंच. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षा केल्या की इन्क्रिमेंट मिळायचं हे सर्वांना ठाऊक, त्यामुळे पहिली धाव तिकडे. एमबीए करणारे थोडे आणि त्यातले बहुतेक इग्नूचे. त्या काळी इग्नूच्या एमबीएला ओपनमॅट नावाची प्रवेश परीक्षा होती, ती पास व्हावी लागायची, त्यामुळे "इग्नू का, म्हणजे घरबसल्या" असं कोणी हिणवलं तर आम्ही ओपनमॅट पुढे करायचो.

माझा एक सहकारी मार्च एंडिंगच्या धामधुमीत असाइनमेंट लिहायचा, एकीकडे कॅश टॅली आणि दुसरीकडे ऑर्गनायझेशनल बिहेवियर. मॅनेजरने एकदा बघितलं आणि म्हणाला, "बिहेवियर नंतर बघू, आधी सस्पेन्स खातं बंद कर." (हिशेब न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायचं खातं ते.) तो माणूस पुढे बराच वर गेला. एमबीएमुळे गेला का ते विचारू नका, त्याचं सस्पेन्स खातं कधीच उघडं राहायचं नाही.

मुक्तछंद
राज्य सरकारी नोकरीतली मी, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची एमबीए. आमच्यात काय असतं, आधी खातेप्रमुखाची लेखी परवानगी, मग प्रवेश, मग निकाल लागला की सेवापुस्तकात नोंद. परवानगी न घेता केलेल्या पदवीची नोंद करताना क्लार्क अशा नजरेने बघतो की जणू आपण लाच घेतलीय. ही नोंद झाली की ती पदवी कोणत्या विद्यापीठाची म्हणून कोणी नाक मुरडत नाही. एमपीएससीला मुक्तची पदवी चालते, त्यावर अधिकारी झालेले आजूबाजूला भरपूर दिसतात.

नाक मुरडतात ते खाजगीवाले. भावाच्या कंपनीत मी सहज चौकशी केली होती तर तिथला माणूस म्हणे "अच्छा, मुक्त का", आणि असं हसला की पुढे बोलायची इच्छाच गेली. विद्यापीठ १९८९ चं, कायद्याने स्थापन झालेलं, पण हसणाऱ्याला ते कोण सांगणार.

कोल्लापूरचा_रांगडा
मुक्तछंद ताई, त्या हसणाऱ्याला इचारायचं हुतं, तुझं एमबीए कुठलं रं भावा. बऱ्याचदा निघतंय कुठल्यातरी चार खोल्यांच्या कॉलेजचं, फुल टाइम खरं पण पोरं वर्षभर कॅन्टीनला. त्याला रेग्युलर म्हणायचं आन आमी दिवसभर फौंड्रीत भाजून रात्री अभ्यास केला तर ते हलकं. लई न्याय हाय हा.

चर्चगेट_फास्ट
रांगड्याशी सहमत, पण सगळी पार्ट टाइम एकाच पिशवीत नका टाकू. मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटला नोकरदारांसाठी तीन वर्षांचे संध्याकाळचे मास्टर्स आहेत, मार्केटिंग, फायनान्स, एचआर वगैरे. ऑफिस सुटलं की चर्चगेट, लेक्चर, मग उशिराची लोकल पकडून बोरिवली नाहीतर विरार. तिथून केलेल्याला मुंबईत "पार्ट टाइम का" असं तोंड वाकडं करून विचारणारा मला तरी भेटला नाही. कारण साधं आहे, आत जायलाच गाळणी आहे, आणि शेजारच्या बाकावर बसणारा कुठल्यातरी बँकेत एव्हीपी, म्हणजे असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट असतो.

माझ्या मते नोकरी देणारा संध्याकाळ आणि सकाळ बघत नाही, प्रवेश कोणालाही मिळतो की नाही ते बघतो. ज्या कोर्सला फोन केल्यावर दहा मिनिटांत "काँग्रॅच्युलेशन्स सर, यू आर सिलेक्टेड" असा मेल येतो त्याची किंमत समोरच्यालाही तेवढीच माहीत असते.

हिंजवडी_फेज_तीन
त्या काउन्सेलर लोकांवर वेगळा धागा निघेल. "सर आज रात्री बारापर्यंत स्कॉलरशिप व्हॅलिड आहे." गेलं वर्षभर रोज रात्री बारापर्यंतच व्हॅलिड आहे.

खडूस_एचआर
@चर्चगेट_फास्ट मुद्दा बरोबर, फक्त हे ज्ञान चर्चगेटहून ठाण्याच्या पुढे फारसं पोचत नाही. चेन्नईच्या हायरिंग मॅनेजरला ही तीन वर्षांची मास्टर्स समजावून सांगताना माझा घसा बसलाय.

आणि काउन्सेलरवरून आठवलं, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषद) जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं की विद्यापीठांनी एडटेक, म्हणजे ॲपवरून शिकवणाऱ्या कंपन्यांना फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायचे नाहीत. ॲपवाल्याकडून प्रवेश घेताय तर डिग्रीवर सही-शिक्का कोणाचा ते बघा, आणि त्या विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या वर्षासाठी, त्या कोर्ससाठी आहे का ते बघा. गेल्या वर्षी होतं म्हणून या वर्षी असेल असं नसतं.

कायद्याचा_किडा
सगळे उगाच घाबरताय. यूजीसीच्या २०२० च्या रेग्युलेशन्समध्ये आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी पुन्हा स्पष्ट केलंय, मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी ही नेहमीच्या पदवीला समकक्ष. मग सीव्हीवर 'डिस्टन्स' लिहायचंच कशाला? एमबीए लिहा, विद्यापीठ लिहा, वर्ष लिहा, विषय संपला.

खडूस_एचआर
@कायद्याचा_किडा समकक्ष म्हणजे पदवी ग्राह्य धरा. प्रत्येक खाजगी कंपनीने तिला सारखीच पसंती द्यावी असं त्यात कुठे आलं? आणि सीव्हीवर लपवायच्या भानगडीत पडू नका. माणूस २०१९ ते २०२१ नाशिकला नोकरीत आणि त्याच काळात जयपूरच्या विद्यापीठात एमबीए, हे मला तारखांवरूनच दिसतं ना. तुम्ही लिहिलंत तर मेहनती, मी शोधलं तर लपवाछपवी. डिग्री तीच.

कायद्याचा_किडा
हे तुमचं वैयक्तिक मत झालं.

खडूस_एचआर
हो, आणि ऑफर लेटर माझ्याच मेलवरून जातं.

वऱ्हाडी_ठेचा
हाणला बे 🤣

निवृत्त_बँकर
एक भर घालतो. सरकारी कंपन्यांच्या जाहिराती नीट वाचा. एचआर वगैरे पदांसाठी कित्येक जाहिरातींत "दोन वर्षांचा पूर्णवेळ नियमित" असं स्पष्ट छापलेलं असतं. तिथे २०२२ चं यूजीसीचं पत्र घेऊन भांडत बसण्यात अर्थ नाही, त्यांनी पात्रताच तशी ठरवलेली असते.

डेट्रॉइटचा_देशी
इकडची गोष्ट सांगतो, मूळचा सांगलीचा, ऑटोतच आहे. अमेरिकेत नोकरी करत एमबीए करण्यात कमीपणा असा काही नाही. एक्झिक्युटिव्ह एमबीए ही चीजच शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये सुरू केली. आजही त्यांच्या संध्याकाळच्या नाहीतर वीकेंडच्या बॅचला बसलात तरी शेवटी डिग्री एमबीएचीच. कंपनी फी भरते, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत ती तुमच्या उत्पन्नात धरली जात नाही, म्हणजे कर नाही. पण त्याच्या बदल्यात बहुतेक कंपन्या लिहून घेतात की अमुक काळात सोडून गेलात तर पैसे परत.

मात्र एक फरक इकडेही आहे. कॅम्पसवर ज्या मोठ्या कन्सल्टिंग आणि बँकिंगच्या कंपन्या येतात त्यांची दारं बऱ्याच ठिकाणी पार्ट टाइमवाल्यांना अर्धीच उघडी असतात. समर इंटर्नशिप हाच त्यांचा भरतीचा मुख्य रस्ता, आणि नोकरी सोडल्याशिवाय ती करणार कशी? त्यामुळे आहे त्याच कंपनीत वर चढायला पार्ट टाइम उत्तम, लाइन बदलायची असेल तर अवघड. आणि ऑनलाइन म्हटलं की जुने मॅनेजर अजून भुवया उंचावतात. त्याला कारणही आहे, नोकरदारांना डिग्र्या देणाऱ्या युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्सने मोठमोठ्या कंपन्यांत नोकरीची संधी असल्यासारख्या जाहिराती केल्या असा ठपका सरकारी आयोगाने ठेवला होता, २०१९ मध्ये १९.१ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तेव्हापासून चांगल्या ऑनलाइन कोर्सवाल्यालाही आधी "तसलं नाही हो हे" असं सांगावं लागतं.

वेर्ण्याची_बाय
गोव्याहून लिहितेय, फार्मात आहे, क्यूए. बायकांचा एक मुद्दा कोणी काढलाच नाही म्हणून. दोन बाळंतपणांत माझी नोकरी सुटली होती, त्या काळात इग्नूचं एमबीए केलं. परत नोकरी शोधायला लागले तेव्हा एमबीएतल्या विषयांबद्दल कोणीच विचारलं नाही, पण मधल्या रिकाम्या वर्षांबद्दलही फारसं विचारलं नाही! सीव्हीवर ती वर्षं भरलेली दिसत होती ना. एका ठिकाणी तर साहेब म्हणाले, "पोरं सांभाळून केलंत? मग ऑडिटचं टेन्शन तुम्हाला नाही." मला त्यावर हसावं की काय ते कळेना, पण नोकरी मिळाली.

मुक्तछंद
बाय, हे साहेब मंडळी बाबांना कधी असं म्हणतात का गं, पोरं सांभाळून केलंत म्हणून.

वेर्ण्याची_बाय
ताई, त्यासाठी बाबांनी आधी पोरं सांभाळायला हवीत 🙂

कोल्लापूरचा_रांगडा
धागा पेटला. बाबा लोक गप बसा जरा.

हिंजवडी_फेज_तीन
विषयांतर थांबवतो. लिंक्डइनवरचे तीन-चार महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून प्रोफाइलला "आयआयएम" लावणारे, त्यांचं काय? आमच्या टीममध्ये एकाने ईमेलच्या सहीत टाकलंय.

चर्चगेट_फास्ट
त्यात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स हा कोर्स २००६ पासून आहे, तो अनुभवी लोकांसाठीच, पण वर्षभर नोकरी सोडून तिथे राहायचं, त्याला कोणी कमी लेखत नाही. दुसरे वीकेंडचे मोठे कोर्स, नोकरी सांभाळून, खिसा रिकामा करून. आणि तिसरे हे सर्टिफिकेटवाले, ऑनलाइन लेक्चर आणि मधे कधीतरी चार दिवस कॅम्पसवर फोटो. आयआयएमना डिग्री द्यायचा अधिकारच मुळात २०१७ च्या कायद्याने आला, त्याआधी फुल टाइमवाल्यांनाही डिप्लोमाच मिळायचा, त्यामुळे "डिप्लोमा म्हणजे हलका" असंही नाही. पण सर्टिफिकेट हे सर्टिफिकेटच.

भट्टीवाला_अण्णा
बऱ्याच उशिरा आलो. मी कोणत्या कंपनीत ते सांगत नाही, पण प्लांट चालवतो आणि क्वालिटीवाले म्हणतात तसल्या प्रमोशनच्या पॅनेलवर बसतो. म्हणून मूळ प्रश्नावर येतो.

मागे असिस्टंट मॅनेजरच्या एका जागेला आतलेच दोघं उमेदवार होते. दोघांचंही नोकरी करत एमबीए, एकाचं नावाजलेल्या संस्थेचं, बऱ्यापैकी महाग, दुसऱ्याचं मुक्तचं. पहिल्याला मी विचारलं, आपल्या हाउसिंगच्या (पार्टचं बाहेरचं कवच) लाइनवर कास्टिंग (ओतलेला तुकडा) रिजेक्ट झालं तर पैशांत नुकसान किती? तो म्हणाला, सर ते कॉस्टिंगवाले सांगतील. दुसऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याने फायनान्सच्या असाइनमेंटला आपल्याच लाइनचं उदाहरण घेतलं होतं. कास्टिंग मशिनिंगच्या आधी बाद झालं तर वितळवून धातू परत मिळतो, नुकसान वीज आणि मजुरीचं. पण तेच शेवटच्या बोअरिंगनंतर लीक टेस्टला बाद झालं तर टूल, मशीनचा वेळ, तपासणी सगळं त्यावर चढलेलं असतं. त्याने प्रत्येक टप्प्याला पीसमागे रक्कम लिहिली होती, पेन्सिलने, आणि लीक टेस्ट मशिनिंगच्या आधी एकदा कच्च्या कास्टिंगवर घेतली तर काय वाचेल ते खाली. आकडे थोडे चुकले होते, ओव्हरहेड त्याने दोनदा धरला होता. पण तो कागद बघून आमचे फायनान्सवाले खुर्ची पुढे ओढून बसले, जे ते सहसा क्वालिटीच्या माणसासाठी करत नाहीत.

त्याला घेतलं. कोणत्या विद्यापीठाचं हा विषय पॅनेलवर निघालाच नाही. मात्र हेही सांगतो, डिग्रीच नसती तर तो पॅनेलपर्यंत आलाच नसता, कारण यादी करताना ग्रेड पॉलिसीत पदव्युत्तर शिक्षण हा रकाना आहे आणि यादी एचआर करतं, मी नाही.

खडूस_एचआर
अण्णा, शेवटचं वाक्य मनाला लागलं, पण खरं आहे.

कायद्याचा_किडा
म्हणजे फिरून नियमावरच आलात की सगळे.

वऱ्हाडी_ठेचा
नियमानं दारापर्यंत, कागदानं आत. किडा आणि अण्णा दोघंही पास.

क्वालिटीवाला_चाकण
सगळ्यांचे आभार, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. अण्णांची पोस्ट वाचून दुसऱ्या दिवशी एचआरला जाऊन ग्रेड पॉलिसी दाखवा म्हटलं. आधी "इंटर्नल डॉक्युमेंट आहे" झालं, मग चहा झाला, मग दाखवली. त्यात लिहिलंय, यूजीसी मान्य विद्यापीठाची व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी, मोडबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे साहेबांचं "असेल तर बरं" हे प्रत्यक्षात रकाना भरण्यापुरतं आहे. मग लाखांचा कोर्स कशाला, इग्नू किंवा मुक्त यातलं ठरवतोय. बायकोच्या चेहऱ्यावर लगेच फरक पडला.

आणखी एक कळलं, कंपनी निम्मी फी परत देते, शेवटचा निकाल लागल्यावर, पण दोन वर्षांचा बाँड. घ्यावा का?

डेट्रॉइटचा_देशी
दोन वर्षं कधीपासून मोजतात ते बघा, प्रवेशाच्या तारखेपासून की पैसे हातात आल्यापासून. फरक मोठा आहे.

खडूस_एचआर
आणि सोडताना मिळालेली फी परत द्यायची की वर दंडही, ते लेखी घ्या. इग्नू-मुक्तच्या फीची निम्मी रक्कम म्हणजे फार नाही हो, तेवढ्यासाठी हात बांधून घ्यायचे का विचार करा. मी एचआर असून सांगतेय.

भट्टीवाला_अण्णा
मी घेणार नाही. पण प्रवेश घेताना कंपनीला लेखी कळवा, नोंद झाली पाहिजे. आणि पहिल्या सेमिस्टरपासून तुमच्याच लाइनचे आकडे असाइनमेंटला वापरा, ग्राहकाचं आणि पार्टचं नाव काढून. कॉस्टिंगवाल्यांशी ओळख आहे ना?

क्वालिटीवाला_चाकण
ओळख आहे पण भांडणाची 😅

भट्टीवाला_अण्णा
तीच कामाची. त्यांच्याशी कशावरून भांडता ते लिहा, पहिली असाइनमेंट तिथेच आहे.